दाखवायचं कुणाला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पनवेलच्या एका वस्तीत आमची महिन्याची बैठक होती. विषय रेशनकार्डांचा होता. बैठक संपली, बाया चपला घालून निघाल्या. एक मावशी मात्र भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. चार घरची धुणीभांडी करते, वय पंचेचाळिशीच्या आसपास. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, दार जरा लोटता का?"

दार लोटले. तिने साडी थोडी सरकवली. कमरेवर जिथे परकराची नाडी बसते तिथे गोल गोल चट्टे, कडा लाल, मधला भाग काळवंडलेला. मांड्यांवर तर चट्टे एकमेकांत मिसळून गेले होते. आणि उजव्या मांडीला आतल्या बाजूने भाजल्यासारखी जखम.

"हे कशानं झालं, मावशी?"

"लसूण वाटून लावला."

"कुणी सांगितलं?"

ती माझ्याकडे बघून कसनुशी हसली. "तुम्हीच तर कागद दिला होता, ताई."

खरेच होते ते. दोन वर्षांपूर्वी आम्ही 'घरगुती औषधे' असे एक शिबिर घेतले होते. थोडे पुस्तकांतून, थोडे बायांच्या तोंडून गोळा करून मी एक पानी कागद तयार केला आणि झेरॉक्स काढून वाटला. त्यात एक ओळ होती : नायट्यावर टाकळ्याचा पाला, करंजाचे तेल किंवा लसूण लावावा. बस्स. किती लावावा, किती वेळ ठेवावा, नाजूक जागी लावावा की नाही, बरे वाटले नाही तर काय करावे, यातले एक अक्षर नव्हते. मी समाजकार्यात एम.ए. केले आहे, आरोग्याचा विषय घेऊन केले आहे. तरी हे मला सुचले नाही. मावशीने लसूण रात्रभर फडक्याने बांधून ठेवला होता. सहा दिवस ती कामावर जाऊ शकली नाही आणि दोन घरांनी तेवढे पैसे कापले.

त्या दिवसापासून डोक्यात जे चालले आहे ते मैत्रिणींपुढे मांडायचे आहे. असे कागद आपल्यापैकी बऱ्याच गटांनी वाटलेले आहेत.

ओल कुणाच्या वाट्याला?

नायटा, गजकर्ण, दाद ही एकाच दुखण्याची नावे. त्वचेवर वाढणाऱ्या बुरशीमुळे ते होते. आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या मृत थरात, केसांत आणि नखांत केरॅटिन नावाचे प्रथिन असते. तेच या बुरशीचे अन्न. तिला ऊब आणि ओल मिळाली की ती पसरते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात या दोन्हींना तोटा नाही.

पण ओल सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. भातलावणीला चिखलात दिवसभर उभी राहणारी बाई, तिच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. धुणीभांडी करणारीच्या नखांच्या कडा सुजून राहतात. एका घरून दुसऱ्या घरी जाताना अंगावरचा ओला परकर बदलायला तिला जागा नाही. अंगावर सिंथेटिक साडी, कमरेला करकचून बांधलेली नाडी. घरी एकच टॉवेल, तो सगळ्यांचा. आणि आतले कपडे? ते उन्हात वाळत घालायचे नाहीत, कुणाच्या नजरेला पडायला नकोत, म्हणून दुसऱ्या कपड्याखाली झाकून, मोरीच्या कोपऱ्यात, खाटेखाली. पावसाळ्यात ते कधी पूर्ण वाळतच नाहीत. सकाळी दमट असलेलेच पुन्हा अंगावर चढतात. लाज बुरशीला कशी पोसते हे यावरून कळावे.

शिवाय चट्टा म्हटला की भीती दुसरीच असते. जुन्या वैद्यकात त्वचेच्या कितीतरी रोगांना 'कुष्ठ' या एकाच शब्दाखाली घातले होते, दद्रू म्हणजे नायटासुद्धा त्यातच. पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. इतकी वर्षे काम होऊनही आमच्या वस्त्यांत अंगावर डाग दिसला की बाई तो आधी लपवते. खरे तर दोन्हींतला ठळक फरक कुणालाही शिकवता येतो. नायट्याचा चट्टा सहसा खाजतो. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, तिथे स्पर्श कळेनासा होतो. बधिर चट्टा दिसला तर एक दिवसही न दवडता तपासून घ्यावा. कुष्ठरोगावरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

पाल्याला हसू नये

टाकळा आमच्याकडे कुणाला ओळखून द्यावा लागत नाही. पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या कडेने, पडीक जागेत तो आपोआप उगवतो. माथेरानच्या पायथ्याच्या आणि कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांतल्या ठाकूर, कातकरी बाया पनवेलच्या बाजारात त्याच्या कोवळ्या पाल्याचे वाटे लावून बसतात. आपण भाजी करतो. त्याच झाडाच्या बिया लिंबाच्या रसात किंवा ताकात वाटून नायट्यावर लावायची रीत जुनी आहे. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्न असेही म्हणतात, म्हणजे नायट्याला मारणारा. नायट्यावर वापरतात म्हणून दुसऱ्या एका झुडपाला लोकांनी गजकर्णी असेच नाव दिले. करंज आणि कडुनिंब तर दारातले.

पनवेल हे औषधी वनस्पतींना नवे गाव नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये इथेच धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. दीडशे वर्षांपूर्वी आजूबाजूच्या रानातली मुळे-पाने कुटून औषध करता येते आणि ते बाजारात विकता येते, हे या गावाने पाहिले. मात्र ती मुळे-पाने रानात ओळखणाऱ्या आणि गोळा करणाऱ्या बायांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

'झाडपाला म्हणजे अडाणीपणा' असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकात गोव्यात आणि मुंबईत नायट्यावर एक पिवळसर भुकटी विकली जात असे. इंग्रज तिला 'गोवा पावडर' म्हणत. ती येते कुठून हे बरेच दिवस कुणाला माहीत नव्हते. पुढे १८७० च्या दशकात उलगडा झाला, की ती ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातल्या भेगांमधून निघते आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला पोचली आहे. तिच्यातले मुख्य द्रव्य क्रायसारोबिन, आणि टाकळ्यात सापडणारे क्रायसोफॅनिक आम्ल हे त्याचेच जवळचे नातेवाईक. १८७६ मध्ये लंडनच्या स्क्वायर या डॉक्टरांनी गोवा पावडर सोरायसिसवर वापरली. तिच्यावरून १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल हे औषध प्रयोगशाळेत तयार झाले आणि पुढे अनेक दशके ते सोरायसिसवर वापरले गेले.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. गोवा पावडरने नायटा बरा होई, पण तिने कातडी जळे, डोळ्यांत गेली तर डोळे सुजत, कपड्यांवर न जाणारे डाग पडत. गुण होता आणि अपायही होता. किती घ्यावी, कुठे लावावी हे शोधत बसणारे लोक होते म्हणून तिचे औषध झाले.

नायट्यावरचे जुने, स्वस्त 'व्हिटफिल्ड' मलमही असेच. त्यातले बेन्झोइक आम्ल मुळात लोबानातून काढत, आणि सॅलिसिलिक आम्लाचे मूळ विलो नावाच्या झाडाच्या सालीत. म्हणजे 'पाला' आणि 'औषध' यांच्यामध्ये आपण समजतो तशी भिंत नाही. मध्ये एक लांबचा रस्ता आहे, मोजमापाचा आणि तपासण्याचा.

ताटलीतली बुरशी आणि मांडीवरची बुरशी

आजकाल वर्तमानपत्रांत दर महिन्याला येते, की अमुक वनस्पतीच्या अर्काने बुरशी मरते. ही संशोधने बहुधा खोटी नसतात. पण ती नेमके काय सांगतात ते नीट वाचले पाहिजे.

प्रयोगशाळेत पाने वाळवून, कुटून, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मुरवून अर्क काढतात. काचेच्या ताटलीत बुरशी वाढवतात, तिच्यावर अर्क घालतात आणि वाढ थांबली की नाही ते पाहतात. टाकळा, कडुनिंब, लसूण, हळद, पुष्कळ वनस्पतींनी ही परीक्षा पास केली आहे. पण ताटलीत कातडी नसते, घाम नसतो, नाडीचे घर्षण नसते. ताटलीला आग होत नाही. ताटलीत बुरशी मारणारा अर्क कातडीच्या आत शिरून, न भाजता, सगळी बुरशी संपवील की नाही हे माणसांवर नीट तपासल्याशिवाय कळत नाही. आणि अशा तपासण्या फार थोड्या झाल्या आहेत. कोण करणार? टाकळ्यावर नफा कुणाला मिळणार आहे?

झालेल्या थोड्यांपैकी एक ऑस्ट्रेलियातली. तिथल्या टी ट्री नावाच्या झाडाचे तेल पायाच्या बुरशीवर लावून पाहिले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १५८ रुग्ण होते. काहींना तेलाचे द्रावण दिले, काहींना बिनऔषधाचे. तेल लावणाऱ्यांपैकी जास्त लोकांची बुरशी गेली. पण थोड्या लोकांच्या पायांना त्याच तेलाने इतकी आग झाली की ते थांबवावे लागले. असा अभ्यास वाचला की कळते, की 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' हे वाक्य किती धोक्याचे आहे. कच्चा लसूण बांधून ठेवल्याने भाजल्याच्या नोंदी जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमच्या मावशीची मांडी त्यातलीच एक, फक्त कुठे नोंदवली गेली नाही.

एक गोष्ट तर मी आता प्रत्येक बैठकीत ठासून सांगते. अंगावर पांढरे जाते म्हणून योनीत लसूण, कडुनिंबाचा रस, तुरटी, दही, काहीही घालू नका. पांढरे जाण्याची कारणे अनेक असतात, बुरशी त्यातले एक. प्रत्येकाचे औषध वेगळे. आतली त्वचा बाहेरच्यापेक्षा फार नाजूक असते.

दोन दिवसांत थंड

मावशीची गोष्ट लसणावर संपली नव्हती. मांडी भाजल्यावर ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली. दुकानदार पुरुष, आजूबाजूला गिऱ्हाइके. ती फक्त "खाजेचं द्या" एवढेच बोलली. त्याने एक ट्यूब दिली. "दोन दिवसांत सगळं थंड झालं, ताई," ती म्हणाली. ट्यूब संपली तेव्हा चट्टे दुपटीने वाढले. तिने दुसरी ट्यूब आणली, मग तिसरी.

अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन-चार औषधांची मिसळ असते, आणि त्यातले एक जोरकस स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, कारण शरीराची लढाईच मंदावते. बुरशी आतल्या आत पसरत राहते. कातडी पातळ होते, जांघेत आणि मांडीवर पांढरट रेघा उमटतात, त्या कायमच्या. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर वर्षानुवर्षे ओरड केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम केला, की स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशी काही मलमेही होती. नियम कागदावर आहे. मावशीला एकदाही कुणी चिठ्ठी विचारली नाही.

या सगळ्याचा परिणाम एकट्या मावशीवर होत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात नायटा फार चिवट झाला आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा आता महिनोन्‌महिने जात नाही. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी अशा एका बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. त्या नावातच हिंदुस्थान आहे. टर्बिनाफिन हे नायट्यावरचे नेहमीचे औषध तिच्या अनेक प्रकारांवर चालत नाही. आज ती जगाच्या अनेक देशांत पोचली आहे.

पाला आणि ट्यूब, दोन्ही बंद दाराआडची

आमच्या कार्यकर्त्यांत यावर वाद झाला. एकीचे म्हणणे, पाल्याचा नाद सोडा, सरळ डॉक्टरकडे पाठवा. दुसरीचे म्हणणे, डॉक्टर आणि कंपन्यांनीच ही ट्यूब आणली, आपण आपल्या आज्ज्यांच्या ज्ञानाकडे परत जाऊ. मी दोघींचे ऐकत होते आणि मला मावशीचे दार लोटणे आठवत होते.

मावशीने टाकळा का लावला? परंपरेवर श्रद्धा होती म्हणून नव्हे. टाकळा रस्त्याकडेला फुकट मिळतो आणि तो लावायला साडी कुणापुढे वर करावी लागत नाही, म्हणून. ट्यूब का आणली? तिलाही दाखवावे लागत नाही, म्हणून. आपण पाला विरुद्ध ट्यूब, आयुर्वेद विरुद्ध अ‍ॅलोपॅथी अशी भांडणे करतो. मावशीच्या बाजूने पाहिले तर दोन्ही एकाच जातीची औषधे. जिला कुणाला दाखवता येत नाही तिची.

मी विचारले होते, "आधी दवाखान्यात का नाही गेलात?" ती म्हणाली, "गेले होते की. डॉक्टर बाप्या. मधे पडदा नाही. मागं रांग उभी. दाखवायचं कुणाला? खाज येते एवढं म्हटलं, त्यांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या."

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास आपल्या चळवळीत सगळ्यांना माहीत आहे. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी झाली आणि ९२ टक्के बायांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या अभ्यासाने हे जगाला दाखवून दिले, की दुखणे होते, पण पाहणारे कुणी नव्हते. इतक्या वर्षांनंतर, मुंबईला लागून असलेल्या, स्वतःची महानगरपालिका असलेल्या पनवेलमध्ये एका बाईचा साधा नायटा आठ महिने कुणी पाहिला नाही.

शेवटी आम्ही तिला एका सरकारी रुग्णालयात नेले. तिथे बाई डॉक्टर होत्या, पडदा होता. त्यांनी चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडा कोंडा खरवडला, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहिले. बुरशी दिसली. एवढीच ती तपासणी. मग त्यांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली. साखर भरमसाट वाढलेली होती. मावशीला मधुमेह होता आणि तिला पत्ताच नव्हता. वारंवार होणारा, न हटणारा बुरशीचा संसर्ग ही कधी कधी मधुमेहाची पहिली खूण असते. पाल्याने नायटा गेला असता तरी ही खूण कुणी वाचली नसती.

घरातल्या सगळ्यांना तपासायचे ठरले तेव्हा नवरा म्हणाला, "बायकांचा आजार, मला काय करायचंय?" चट्टे त्यालाही होते, मुलीलाही होते. तो तिसऱ्या खेपेला आला. घरातल्या एकाने औषध घ्यायचे आणि बाकीच्यांनी तोच टॉवेल वापरायचा, तर बुरशी घरातच फिरत राहते.

ज्ञान आपले, म्हणून जबाबदारीही आपली

यावर कुणी म्हणेल, मग पाल्याचे नाव काढूच नये. मला ते पटत नाही.

कडुनिंबाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकावर एक अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांनी युरोपात पेटंट मिळवले होते. ते पिकांवरच्या बुरशीसाठी होते. त्याविरुद्ध तीन बायका लढल्या : आपल्या वंदना शिवा, बेल्जियमच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लिंडा बुलार्ड. हे ज्ञान भारतात आधीपासून वापरात आहे, हे त्यांनी दाखवून दिले. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि कंपनीच्या बाजूचे अपील २००५ मध्ये फेटाळले गेले. तारीख होती ८ मार्च. आपल्या ज्ञानावर दुसऱ्याने मालकी सांगितली तर आपण अशा उभ्या राहतो. मग तेच ज्ञान आपल्याच बायांना देताना इतके ढिसाळ कसे राहतो?

ढिसाळपणा न करता हे काम करता येते, हे 'शोधिनी' या गटाने दाखवले आहे. निरनिराळ्या राज्यांतल्या स्त्रियांच्या गटांनी एकत्र येऊन गावोगावच्या जाणत्या बायांकडून औषधींची माहिती घेतली, ती ताडून पाहिली, स्वतःचे शरीर स्वतः तपासायला शिकल्या. त्यातून १९९७ मध्ये 'टच मी, टच-मी-नॉट' हे इंग्रजी पुस्तक निघाले. आधी शरीर पाहायला शिकणे, मग औषध, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या कागदावर तो उलटा होता. खरे तर शरीर पाहणे नव्हतेच.

आणखी एक शंका मला छळते. आपण फुकटच्या पाल्याचा कागद वाटतो तेव्हा दवाखान्याची जबाबदारी हलकी करत नाही ना? ज्यांना परवडते त्या खारघरच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जातात आणि ज्यांना परवडत नाही त्यांना आपण रस्त्याकडेचा टाकळा दाखवतो. याला पर्यायी उपचार म्हणायचे का? पर्याय तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा दोन वाटा समोर असतील आणि बाई त्यातली एक निवडील. एकच वाट उरली असेल तर तिला निवड म्हणू नये.

आता काय करायचे

आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या गटांतही त्यांवर बोलणे व्हावे असे वाटते.

जुना कागद आम्ही परत घेतला. शक्य तितक्या घरी जाऊन घेतला आणि चूक सांगितली. नव्या कागदात पहिली ओळ आहे : आधी दाखवा. मग काय लावू नये ते. टाकळ्याची माहिती ठेवली आहे, कारण ती आपली आहे. पण मांडीच्या सांध्यात, स्तनांखाली, चेहऱ्यावर आणि लहान मुलांना लावायचा नाही, आग झाली की लगेच धुवायचा, चट्टे पसरत असतील तर थांबायचे नाही, हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात तपासणीच्या जागी पडदा हवा आणि बाई डॉक्टर किंवा बाई आरोग्यसेविका हजर हवी. पडदा ही काही लाखोंची योजना नाही. कोंड्याची तपासणी तिथेच झाली पाहिजे. लागतो तो एक सूक्ष्मदर्शक आणि एक शिकवलेला माणूस. नायट्याचे साधे मलम आठवड्यापुरते न देता पुरेसे द्यावे, कारण चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस ते लावावे लागते. पुन्हा पुन्हा नायटा होणाऱ्या प्रत्येक बाईची साखर तपासावी.

आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची ट्यूब विकणाऱ्या दुकानांवर आपण लक्ष ठेवू शकतो. दारूच्या गुत्त्यांवर लक्ष ठेवणाऱ्या बाया आहोत आपण. हे त्याहून अवघड नाही.

शेवटची गोष्ट फार साधी, पण त्यावरच सगळ्यांत जास्त वाद झाला. केंद्राच्या मागच्या अंगणात आम्ही एक दोरी बांधली. ऊन येते तिथे, उघड्यावर. ठरवले, की आतले कपडे आणि पाळीचे कपडे इथे वाळत घालायचे, वर काही न झाकता. पहिला महिनाभर दोरी रिकामीच होती. शेजारच्या एका गृहस्थांनी "बरं दिसत नाही" असा निरोपही पाठवला. मग एका सकाळी बघते तर दोरीवर दोन परकर, आणि त्यांच्या शेजारी चार चिमट्यांनी नीट लावलेले आतले कपडे. मावशीचे होते. तिची साखर आता आटोक्यात आहे, चट्टे गेले आहेत, काळे डाग जायला वेळ लागेल.

मी तिला म्हटले, "मावशी, लोक बघतात."

ती म्हणाली, "बघू देत. उगा लपवून आठ महिने खाजवत बसले."

तुमच्या वस्तीत अशी दोरी आहे का? नसेल तर का नाही, आणि बांधली तर काय झाले, ते अंकासाठी जरूर लिहून कळवा.